बांबूचं पीठ

जूनच्या मध्यापासून आमच्या घरातल्या सगळ्या टॉवेलांना एकच वास यायला लागतो आणि तो गणपती येऊन गेले तरी जात नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. ओटीवर कपडे घालावेत तर झड आत येते. मागच्या पडवीत घालावेत तर गोठ्याचा वास लागतो. माजघरात दोऱ्या बांधल्या की पाहुण्यालासुद्धा कुणाच्या तरी ओल्या लेंग्याखालून वाकून जावं लागतं. पुण्याकडे नोकरीला असताना मी हे सगळं विसरून गेलो होतो. तिथे पाऊस आमच्या चौथाईने. खिडकीबाहेरच्या तारेवर टाकलेली पँट दुसऱ्या दिवशी घालून कामावर जाता येतं.

त्या वर्षी कारखान्यातलं काम सुटलं आणि मे महिन्यात मी गावी आलो. ताई बाळंतपणासाठी आलेलीच होती. दिवस आषाढात भरत होते. एका दुपारी आजीने फणसाचे गरे सोलता सोलता हिशेब मांडला. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट, चार दुपटी, झबली, कुंच्या, बाळंतिणीचे कपडे वेगळे, आणि आपण बाकीची माणसं काय नागडी फिरणार नाही. हे सगळं वाळवायचं कुठे?

वाळवायला चुलीच्या खोलीत एक वलणी होती. दोन सुंभांनी वाशाला टांगलेला एक बांबू, लांबीला सहा-सात फूट, धुराने तुळशीकट्ट्यावरच्या समईसारखा काळा झालेला. आजी लग्न होऊन आली तेव्हाही तो तिथेच होता. पूर्वी त्यावर सोवळ्याची वस्त्रं काठीने टाकत. आता आजीचं एक पातळ आणि आजोबांच्या वेळचं एक पंचं एवढंच असायचं. त्यावर पंचवीस लंगोट मावायचे नाहीत हे खरं. पण त्या वलणीकडे मी ज्या नजरेने पाहिलं ती नजर मात्र चुकीची होती, हे आता सांगायला हरकत नाही.

मी फिटर. हातात टेप आला की मला आधी बरं वाटतं आणि मग विचार सुचतो. मी माजघर मोजलं. बाजारात छताला टांगायचे स्टीलच्या नळ्यांचे रॅक मिळतात, दोरी ओढली की खाली येतात. पण ते स्लॅबला बसवायचे. आमच्या डोक्यावर कौलं, रिपा आणि वासे. तेव्हा ठरवलं, तसाच रॅक बांबूचा करायचा. दोन बाजूंना दोन जाड पट्ट्या, त्यांना भोकं, भोकांतून आडव्या काठ्या. चारही कोपरे दोरीने बांधायचे, दोरी तुळईला अडकवलेल्या दोन कप्प्यांवरून फिरवून भिंतीतल्या खुंटीला गुंडाळायची. कप्प्या घरातच होत्या. पंप बसवल्यापासून विहिरीवरची एक कप्पी रिकामीच होती आणि दुसरी शेजाऱ्यांनी दिली. दोरी सोडली की रॅक छातीपर्यंत खाली, कपडे घातले की ओढून वर, वाशांखालच्या कोरड्या हवेत. खाली माणसं ताठ मानेने चालतील. कागदावर काढलं तेव्हाच मला ते फार आवडलं.

बांबूला तोटा नव्हता. परड्याच्या टोकाला माणग्याचं जुनं बेट आहे. आमच्याकडे कळकाला काटे असतात आणि तो आतून पोकळ. माणग्याला काटे नाहीत आणि बुंध्याकडचा भाग जवळजवळ भरीव, त्यामुळे असल्या कामाला तोच बरा. कोयती घेऊन निघालो तर गडग्यावर तात्या बसलेले. तात्या म्हणजे आमच्या वाडीतले सुपं, रवळ्या, डाळ्या विणणारे. वय ऐंशीच्या पुढे. नजर अंधुक, पण बोटांनी बांबू चाचपून सांगतात की तो कुठल्या पावसातला.

"कोयती घेवन खंय चललंस?"

मी सांगितलं.

"आता तोडू नको, झिला. बेटाच्या पोटात पोरां असत."

मी हसलो. घरात ताई, परड्यात बेट, सगळीकडे बाळंतपणंच, असं काहीतरी म्हणालो. तात्याही हसले. "दिवाळी होवंदे, मगे बघू," एवढं बोलून ते उठले. मला वाटलं, म्हातारा माणूस, जुनी समजूत. लंगोट वाळायचे आषाढात आणि बांबू तोडायचा दिवाळीनंतर. या हिशेबाला काय अर्थ? गरज समोर उभी आणि सामान परड्यात उभं. मधे सहा महिने घालायचे कशासाठी? मे महिना संपायला चार दिवस होते. मी चौदा बांबू तोडले. वय बघायच्या फंदातही पडलो नाही. हिरवेगार, तुकतुकीत, पेरांवर पांढरी पूड असलेले कोवळे बांबूही तोडले, कारण ते सरळ होते.

काम मात्र मी जीव लावून केलं, ते नाकारणार नाही. नुसत्या ड्रिलने भोक पाडलं की बांबू उभा चिरतो हे पहिल्या दोन तुकड्यांत कळलं. मग भोकं पेराच्या जवळ घेतली आणि चुलीत लाल केलेली सळई लावून जाळत नेली. जळलेलं भोक चिरत नाही. काठ्या निसटू नयेत म्हणून टोकांना खिट्ट्या मारल्या. सगळ्या काठ्यांवरून काचेच्या तुकड्याने, मग पॉलिश पेपरने हात फिरवला, म्हणजे कापडाला कूस लागणार नाही. नऊ काठ्या बसवल्या, एकेकीत चार बोटांचं अंतर. नवव्या काठीसाठी मी पट्टीची लांबी दोनदा बदलली. कमी जागेत जास्त, हे कारखान्यात शिकलो होतो.

७ जूनला मृग लागला आणि दोन दिवस आधी रॅक वर गेला. आजीने खालून पाहिलं, दोरी ओढून पाहिली, सोडून पाहिली. कप्पी जराशी कुरकुरली. आजी म्हणाली, "एक वीत सोड रे मधी. कपड्यांका वारो लागूक होयो." मी म्हटलं, नऊ आहेत, तुला हव्या तेवढ्या वापर. नंतर लक्षात आलं की ती एक सोडून एक काठीवरच कपडे घालते. बाकीच्या चार रिकाम्या. मला थोडा राग आला. पण सगळ्या नऊ काठ्या भरल्या त्या दिवशी मधले कपडे संध्याकाळीही तसेच लिबलिबीत होते, हेही मी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आषाढातल्या एका भर पावसाच्या रात्री भाचा झाला. रॅकवर लंगोटांच्या पताका लागल्या. बारशाला वाडीतली बायामाणसं आली ती बाळाला बघून झाल्यावर वर बघत उभी राहिली. कुणी दोरी ओढली, कुणी सोडली. परत जाताना तीन घरांनी सांगितलं, आम्हालाही एक करून दे. आठवड्यात ती सात झाली. मी दर ठरवला, ६०० रुपये. तोडलेल्या बांबूंतले उरले होते, कमी पडले ते आणखी तोडले, आता तर पाऊस चालूच होता. बेटातून नवे कोंब वर आले होते. दोन-तीन माझ्या पायाखाली मोडले. सात घरांच्या माजघरांत सात रॅक टांगले. ४,२०० रुपये. कारखाना सुटल्यापासून हातात आलेले ते पहिले पैसे. आजीच्या हातात ठेवले तर तिने ते देवासमोर ठेवले आणि म्हणाली, "तात्याक दाखवलंस?"

नव्हतं दाखवलं. त्या दिवसांत मी वाट वाकडी करून गडग्याच्या पलीकडून जायचो.

श्रावणात एका सकाळी ताईने दुपटं झटकलं आणि उजेडाच्या तिरिपेत पिठासारखं काहीतरी उडालं. "ह्यां कसलां पीठ?" आजीने बोटावर घेतलं. बारीक, पिवळसर पांढरं, तांदळाच्या पिठाहून मऊ. वर पाहिलं तर प्रत्येक काठीच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि रात्रभर त्यांतून गळलेल्या पिठाचे छोटे छोटे ढीग खालच्या कपड्यांच्या घडीत. ताईने काही न बोलता सगळे लंगोट गोळा केले आणि पुन्हा धुवायला टाकले. पंचवीस लंगोट, बाहेर धो धो पाऊस. मी काठ्या ओल्या फडक्याने पुसल्या, रॉकेल चोपडलं. मग आठ दिवस कपड्यांना रॉकेलचा वास. नवव्या दिवशी पीठ परत.

ते लंगोट शेवटी कसे वाळले ते सांगतो. आजीने शेगडीत निखारे घेतले, वर बांबूची डाळी पालथी घातली आणि तिच्यावर लंगोट पसरले. दहा मिनिटांत एक थर. डाळी तात्यांच्या हातची, वीसेक वर्षांची. तिला एकही भोक नव्हतं.

त्याच सुमाराला दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकणारा शेजारचा मुलगा सुट्टीला आला होता. काठीकडे पाहून तो म्हणाला, दादा, घरात आयोडीन आहे? जखमेवर लावायची बाटली होती. त्याने माझ्या काठीचा एक तुकडा कापला आणि ताज्या कापावर थेंब टाकला. पिवळट थेंब बघता बघता काळानिळा झाला. शाळेत आम्ही भातावर टाकायचो तेव्हा व्हायचा तसा. मग तो स्टुलावर चढला, आजीच्या वलणीच्या टोकाचं सालपट काढून आतल्या लाकडावर थेंब टाकला. तो पिवळाच राहिला.

"पिष्ट," तो म्हणाला. "किड्याला बांबूतलं लाकूड नको असतं, पिष्ट हवं असतं. बांबू उन्हाळाभर ते खोडात साठवून ठेवतो. पावसाच्या सुरुवातीला कोंब फुटतात, ते दोन-तीन महिन्यांत पुरी उंची गाठतात. एवढं वाढायला त्यांना कोण जेवण घालतं? शेजारचे जुने बांबू. तुम्ही मे महिन्यात तोडलेत, म्हणजे कोठार अगदी भरलेलं असताना."

त्याने त्या भुंग्याचं लॅटिन नावही सांगितलं. मी ते लिहून घेतलं होतं, कागद हरवला. तात्यांचं वाक्य मात्र हरवलं नाही. बेटाच्या पोटात पोरां असत. या मुलाने आयोडीनच्या थेंबाने दाखवलं ते म्हातारा गडग्यावर बसून चार शब्दांत सांगून गेला होता. मी त्याला जुनी समजूत म्हणालो होतो, का, तर त्याच्याकडे बाटली नव्हती.

आता सात घरं. पहिल्या घरी मी स्वतः होऊन गेलो नाही, त्यांचाच निरोप आला. चादर वाळत घातली होती, रात्री मधली काठी मोडून चादरीसकट खाली आली. खाली कुणी झोपलेलं नव्हतं म्हणून बरं. तिथून मी सुरुवात केली. खिशात ४,२०० रुपये घेऊन एकेका घराची पायरी चढलो. आजीने देवासमोरून ते पैसे उचलून दिले तेव्हा तिने मोजलेसुद्धा नाहीत. याचा अर्थ तिने ते बाजूलाच ठेवले होते.

पैसे परत देणं सोपं असतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने कोकणातल्या काकवांना दिलेले नसतात. एक म्हणाली, "पैशे ऱ्हवंदेत, माझां पातळ कोण देतलो?" चांगलं पातळ, त्यावर कुजक्या काठीचा डाग बसला होता. दुसऱ्या घरात चहा मिळाला आणि तासभर बोलणीही. तिसऱ्यांनी पैसे घेतले, रॅक माझ्या देखत जळणाला टाकला. चौथ्यांना पीठ पडतंय हे माहीतच नव्हतं. ते म्हणाले, आम्हाला वाटलं कौलांतून माती पडते. मी बोललो नसतो तर तिथे निभावलं असतं. पाचव्या घरची काकी रॅक द्यायलाच तयार होईना. तिने तो कधीच उतरवून परड्यात तिरपा उभा केला होता आणि त्यावर पडवळाचा वेल चढवला होता. टोकाला दगड बांधलेली पडवळं नऊ काठ्यांच्या मधून सरळ खाली लोंबत होती. चार बोटांचं अंतर, त्यांना अगदी बेताचं. "कपड्यांक नाय, पण पडवळांक बरो," ती म्हणाली. पैसेही घेईना. दोन पडवळं मात्र दिली.

सातही घरांना मी एकच सांगितलं. पुढच्या मृगाला नवा देईन, बिनपैशाचा. दोघांनी मान हलवली. बाकीच्यांनी पावसाविषयी बोलायला सुरुवात केली.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. एका सकाळी मी कोयती घेऊन गडग्यावर जाऊन बसलो. तात्या आले, शेजारी बसले, विडी पेटवली. मी तुला सांगितलं होतं, हे वाक्य येईल म्हणून मी तयारीत होतो. ते आलंच नाही. विडी संपल्यावर ते बेटाकडे चालू लागले आणि मी मागून गेलो.

त्यांनी मला बांबू ओळखायला शिकवलं, म्हणजे माझा हात धरून खोडांवर फिरवला. गुळगुळीत आणि पूड लागते तो या पावसातला, त्याला शिवायचं नाही. दुसऱ्या वर्षीचाही नाही. हाताला खरखर लागते, शेवाळाचे डाग असतात, कोयतीच्या पाठीने ठोकलं की टणक आवाज येतो, तो तीन-चार वर्षांचा. तोच तोडायचा आणि तोही बेटाच्या आतून, बाहेरचे राखून. जमिनीपासून पहिल्या पेराच्या लगेच वर, तिरपा नाही, म्हणजे खुंटात पाणी साचून कुजत नाही. वद्य पक्ष बघून तोडायचे, असंही ते म्हणाले. या चंद्राचं आयोडीन माझ्यापाशी नाही, पण मी वद्य पक्ष बघितला.

मग बांबू व्हाळात. वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून तीन आठवडे. साचलेल्या डबक्यात नाही, वाहत्याच, म्हणजे आतलं गोडं धुऊन जातं. चौथ्या दिवसापासून असा काही वास सुटला की गुरं पाणी प्यायला वरच्या अंगाला जाऊ लागली. तीन आठवड्यांनी काढून गोठ्याच्या सावलीत उभे करून ठेवले. उन्हात टाकले तर तडकतात. पौषात आणि माघात रोज एकदा जाऊन मी त्यांच्याकडे बघून यायचो. करण्यासारखं काही नव्हतं. कारखान्यात असं कधी घडत नाही, की माणूस कामावर आहे आणि काम असं की थांबायचं. फाल्गुनात काठ्या कापल्या आणि चुलीवरच्या माळ्याखाली वलणीशेजारी महिनाभर धुरात टांगल्या. आजी स्वयंपाक करताना वर बघून म्हणायची, शेजार बरा मिळालाय तिला.

रॅकला या वेळी पाच काठ्या. मधे एक वीत. आजीची वीत, माझी नाही. टेपवर ती पावणेआठ इंच भरते. शेजारच्या मुलाची आयोडीनची बाटली मागून घेतली होती. शेवटच्या काठीच्या कापावर थेंब टाकला आणि चुलीशी बसून पाहत राहिलो. तो पिवळाच राहिला.

मृगाच्या आधी सात रॅक सात घरी गेले. पडवळवाल्या काकीने नवा माजघरात लावला, जुना परड्यात ठेवला. जळणाला टाकणाऱ्यांनी दारातच विचारलं, "पीठ पडात?" मी म्हटलं, पडलं तर सांगा, मी इथेच आहे. ताई तोवर सासरी गेलेली. भाचा अकरा महिन्यांचा, लंगोटांचे दिवस जवळजवळ सरलेले. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं त्याच्या काही ते उपयोगी पडलं नाही.

भाद्रपदात मालवणच्या बाजूचे एक गृहस्थ आले. त्यांची पर्यटकांना राहायला द्यायची खोल्यांची मोठी जागा. कुणाकडे तरी रॅक पाहिलेला. पंचवीस हवे होते, दिवाळीच्या हंगामाच्या आत, पैसे आधी. त्यांनी नोटा काढूनच ठेवल्या. मी त्यांना परड्यात घेऊन गेलो. बेटाच्या ज्या बाजूने मी त्या मे महिन्यात आणि भर पावसात तोडलं होतं ती बाजू अजून बोडकी होती. दुसऱ्या बाजूला या पावसातले कोंब माझ्या दुप्पट उंच झाले होते. आत शिरून मी शेवाळ धरलेले बांबू हाताने चाचपत मोजले, दोनदा मोजले.

"नऊ रॅक होतील," मी म्हटलं. "दिवाळीनंतर तोडीन. पुढच्या मृगाला देईन."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे. विचार करून कळवतो म्हणाले. गाडी वळून गेल्याचा आवाज आला. पाऊस भुरभुरत होता. तात्या गडग्यापाशी चुन्याची डबी घेऊन उभे होते. दरवर्षी नव्या कोंबांना खूण करायचं काम तेच करतात, पण आता त्यांना वाकवत नाही. मी डबी घेतली, बोट बुडवलं आणि पहिल्या कोंबाच्या खालून तिसऱ्या पेरावर एक पांढरा ठिपका दिला.

"जाड लाव," मागून तात्या म्हणाले. "तीन पावस टिकाक होयो."